कुमार गंधर्व : नकलेपासून स्वतःच्या गाण्यापर्यंत

कुमार गंधर्व (८ एप्रिल १९२४ – १२ जानेवारी १९९२) हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रयोगशील ख्यालगायक मानले जातात. लोकधुनांतून नवे राग घडवणे, माळव्यातील निर्गुणी भजनांना मैफलीत मानाचे स्थान देणे, एखादा ऋतू, एखादा कवी किंवा एखादा राग मध्यवर्ती धरून सबंध मैफल बांधणे, ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. या प्रयोगशील गायकाची सुरुवात मात्र नकलेतून झाली. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा बालगायक म्हणून तो प्रथम लोकांपुढे आला. त्यांच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीतला प्रत्येक टप्पा या सुरुवातीशी जोडलेला आहे. दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे उचलण्याची असामान्य शक्ती लाभलेल्या माणसाने स्वतःचे गाणे कसे शोधले, याचा हा इतिहास आहे.

सुळेभावीचा शिवपुत्र

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी, लिंगायत कुटुंबात. घरची भाषा कानडी. वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत आणि किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीचा त्यांच्यावर प्रभाव होता. बेळगाव, हुबळी, धारवाड, मिरज हा सारा टापू त्या काळी गाण्याने भारलेला होता. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहत. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, याच भागातले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी हे सगळे पंधरा वर्षांच्या आत याच मुलखात जन्मले. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचे दौरे इथे नेहमी होत. नाट्यपदे कानडी घरांतूनही गुणगुणली जात.

याच काळात ग्रामोफोन मध्यमवर्गीय घरांत आणि चहाच्या दुकानांत पोचला होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. एरवी तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्या अवधीत बंदिश, थोडे आलाप, बोलताना आणि ताना असा सगळा ऐवज बसवावा लागे. त्यामुळे तबकडीवर रागाची एक छोटी पण पूर्ण आकृती तयार होई. शिवपुत्राच्या कानावर गाणे पडले ते प्रामुख्याने या रूपात. सहा-सात वर्षांचा असताना तो अचानक गाऊ लागला, आणि गाऊ लागला तोच मोठ्या गवयांसारखा, असे त्याच्या बालपणाचे वर्णन घरच्यांनी आणि जाणकारांनी करून ठेवले आहे. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, रामकृष्णबुवा वझे, फैयाज खाँ, ओंकारनाथ ठाकूर यांच्या गाण्यातली जागा न् जागा, आवाजाचा लगाव आणि तानेचा वेग तो जसाच्या तसा काढी. सरगम काय, राग कोणता, ताल किती मात्रांचा, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याचे गाणे ऐकून त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. बालगंधर्व आणि सवाई गंधर्व यांच्यामुळे ‘गंधर्व’ हे बिरूद त्या मुलखात सगळ्यांच्या ओठी होते. या मुलाला पदवीच नाव होऊन चिकटली आणि मूळ नाव मागे पडले.

जलसे आणि संगीत परिषदा

वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास कुमार व्यासपीठावर गाऊ लागला होता. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. बालगायकांचे जलसे ही त्या काळची रुळलेली गोष्ट होती. नाटक मंडळ्यांत गोड गळ्याची मुले कोवळ्या वयात दाखल होत आणि स्त्रीभूमिका करीत. बोलपटांच्या आगमनानंतर मंडळ्या मोडकळीला आल्या, तेव्हा तिकीट लावून होणारे जलसे हे अशा मुलांचे नवे क्षेत्र झाले. त्यांच्या कार्यक्रमांचे आकर्षण उघड होते. लहानशा देहातून पोक्त, मुरलेले गाणे बाहेर पडताना पाहण्याचे अप्रूप लोकांना वाटे.

१९३०च्या दशकाच्या मध्यावर कुमारला मोठमोठ्या संगीत परिषदांची निमंत्रणे येऊ लागली. १९३५ साली अलाहाबादच्या परिषदेत तो गायला. त्यानंतर कलकत्त्याला आणि मुंबईला गायला. मुंबईत जिना हॉलमध्ये भरलेल्या परिषदेतील त्याचे गाणे विशेष गाजले. समोर बसलेल्या श्रोत्यांत देशातले नामांकित गवई होते, आणि ज्यांची नक्कल तो करी त्यांपैकी काहीजणही त्यांत असत. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, पदके आणि बक्षिसे मिळाली, घराला पैसा मिळू लागला.

अशा बालगायकांपैकी फारच थोडे पुढे टिकले. वयात येताना आवाज फुटतो, कोवळेपणाची गोडी जाते, आणि अप्रुपावर उभी असलेली कीर्ती ओसरते. त्यातून नक्कल हाच ज्याचा मुख्य गुण, त्याला मोठेपणी विचारायचे कोणी, असा प्रश्न उभा राहतो. मूळ गवयाची तबकडी बाजारात मिळतच असते. कुमारपुढे हा धोका होता, आणि तो टळला मुंबईतल्या एका शिक्षकामुळे.

देवधरांची शाळा

प्रा. बाळकृष्ण रघुनाथ देवधर (१९०१–१९९०) हे विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतून आलेले असले तरी त्यांची वृत्ती चौकस आणि मोकळी होती. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा रीतसर अभ्यास केला होता आणि आवाज जोपासण्याच्या शास्त्रावर त्यांचे विशेष लक्ष होते. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांचे ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ चाले. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तिथे येत, उतरत, गात आणि चर्चा करीत. देवधर त्यांच्याकडून बंदिशी मिळवत, टिपून ठेवत आणि विद्यार्थ्यांना ऐकवत. ‘थोर संगीतकार’ या त्यांच्या पुस्तकात या गवयांची व्यक्तिचित्रे आहेत.

वडिलांनी कुमारला देवधरांच्या हवाली केले तेव्हा त्याचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. परिषदा गाजवलेल्या मुलाला इथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. स्वर ओळखणे, स्वरलिपी लिहिणे व वाचणे, ताल हातावर धरणे, रागाचे नियम समजून घेणे, हे सगळे त्याने क्रमाने केले. आजवर गळ्यातून आपोआप निघत होते त्याची फोड आता त्याला करता येऊ लागली. फैयाज खाँची एखादी जागा परिणाम का करते, वझेबुवांच्या तानेचा जोर कशात आहे, हे त्याला विचारपूर्वक कळू लागले.

एका गुरूचे बोट धरून एकाच घराण्याची वाट चालण्याची शिस्त त्या काळी कडक होती. देवधरांच्या शाळेत तसे बंधन नव्हते. कुमारने तिथे ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा अशा सर्वच गायकींचा अभ्यास केला. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्याला तालीम मिळाली. पुढे कुमार या शाळेत शिकवूही लागले. मुंबईतल्या या दहा-अकरा वर्षांत आवाज फुटण्याचा नाजूक काळ पार पडला. विशीत पोचेपर्यंत त्यांचे नाव देशातल्या आघाडीच्या तरुण गवयांत घेतले जाऊ लागले. शाळेतल्याच एक विद्यार्थिनी, मूळच्या कराचीच्या भानुमती कंस, यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आजार आणि देवास

या उमेदीच्या काळात, १९४७च्या सुमारास, कुमारांना फुप्फुसाचा क्षय झाला. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध सर्रास मिळत नव्हते. कोरडी हवा, सकस आहार आणि पूर्ण विश्रांती हाच उपाय. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. मुंबईची दमट हवा सोडून हे दांपत्य १९४८च्या जानेवारीअखेर माळव्यातील देवासला आले.

देवास हे इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरचे, तेव्हाचे छोटे गाव. तुकोजी आणि जिवाजी पवार या मराठा सरदार बंधूंनी अठराव्या शतकात इथे बस्तान बसवले आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावातून कारभार करीत राहिली. त्यामुळे देवासात मराठी कुटुंबे पुष्कळ होती आणि गाण्याचा षौकही जुना होता. रजब अली खाँ या बुजुर्ग गवयाचे वास्तव्य इथेच होते. त्यांचे शिष्य कृष्णराव मुजुमदार आणि इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दाते यांच्यामुळे या भागातल्या मैफलींना जाणते श्रोते मिळत. गावालगत चामुंडा देवीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी पुढे कुमारांचे ‘भानुकुल’ हे घर उभे राहिले आणि ते अखेरपर्यंत तिथेच राहिले.

सुमारे पाच वर्षे कुमारांना गाता आले नाही. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली, घर चालवले आणि पतीची शुश्रूषा केली. बालपणापासून ज्याचा गळा कधी थांबला नव्हता अशा माणसाला आता फक्त ऐकायचे होते. आजूबाजूला ऐकायला खूप होते. लग्नघरी, सणावारी, शेतात, दळताना बायका माळवी गीते म्हणत. देवीच्या जत्रेला येणारे लोक गात जात. नाथपंथी साधू दारावरून भजने म्हणत जात. कुमारांनी हे सारे मनात साठवले. पुढे भानुमतींच्या साहाय्याने त्यांनी माळव्यातील शेकडो लोकगीते आणि त्यांच्या चाली टिपून काढल्या.

स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ साली अमेरिकेत लागला होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस ते भारतात उपलब्ध झाले आणि कुमारांना लागू पडले. १९५३ साली ते पुन्हा व्यासपीठावर आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते, त्यामुळे दीर्घ दमसासाचे आलाप आणि लांब पल्ल्याच्या ताना शक्य नव्हत्या. परत आलेल्या कुमारांचे गाणे अगदी निराळे होते. काहींनी त्याचे सारे श्रेय आजाराला दिले. पण अपुऱ्या दमाने फार तर वाक्ये आखूड होतात. त्या आखूड वाक्यांत काय सांगायचे, याचा विचार कुमारांनी त्या पाच वर्षांत केला होता.

धुनउगम राग

लोकगीतांच्या अभ्यासातून कुमार एका निष्कर्षाला आले. राग आधी आणि धून नंतर, असा क्रम नसून धुनेतूनच राग उगवतो. लोकधून बहुधा चार-पाच स्वरांत फिरते. स्वर थोडे असले तरी तिची चाल, थांबण्याच्या जागा आणि वळणे ठरलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्यामुळे त्यातले अनावश्यक ते सारे झडून गेलेले असते. अशा धुनेच्या पोटात रागाचे बीज असते, आणि ते ओळखून वाढवता येते.

नवे राग पूर्वीही निर्माण होत होते. त्यांची नेहमीची रीत जोडरागाची, म्हणजे दोन प्रचलित राग एकत्र गुंफण्याची, किंवा थाटातील स्वर कमीअधिक करून नवी मांडणी करण्याची. कुमारांची रीत वेगळी होती. ते आधी धून मनात घोळवत. तिचे स्वभावतःच जिथे पाऊल पडेल असे पुढचे स्वर शोधत. मंद्रात आणि तारात तिचा विस्तार कसा होईल हे पाहत, मग तिच्यासाठी बंदिश बांधत आणि आरोह-अवरोहाची आखणी सर्वांत शेवटी करत. या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी, अहिमोहिनी, मधसुरजा, निंदियारी, बीहड भैरव, भवमत भैरव ही त्यांतली काही नावे. १९६९च्या गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधी मल्हार हा राग बांधला.

मधसुरजा रागातील त्यांच्या बंदिशीचे उदाहरण त्यांच्या रचनापद्धतीवर चांगला प्रकाश टाकते. देवासच्या टेकडीवर देवीला बोकड बळी देण्याची प्रथा होती. बळीसाठी नेले जाणारे करडू आपल्या आईला ‘मला वाचव’ म्हणून साद घालते आहे, असा या बंदिशीचा आशय आहे. ख्यालाच्या बंदिशींत सासू-नणंद, पिया, कृष्ण, ऋतुवर्णन हे ठरीव विषय शतकानुशतके चालत आले होते. कुमारांनी घरासमोरून जाणारे दृश्य बंदिशीत आणले आणि त्या आर्त हाकेला शोभेल अशी स्वराकृती शोधली. शब्द, धून आणि राग या तिन्ही गोष्टी एकाच अनुभवातून आल्यामुळे राग नवा असूनही श्रोत्याला तो कृत्रिम वाटत नाही.

कुमारांच्या स्वरचित बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’ १९६५ साली मौज प्रकाशनाने काढला. प्रचलित रागांतील नव्या बंदिशी आणि धुनउगम राग दोन्ही त्यात स्वरलिपीसह आहेत. पूर्वी बंदिश घराण्याचा ठेवा मानून जपून ठेवली जाई. ऐन भराच्या वयात एका गवयाने आपले सगळे भांडवल छापून लोकांपुढे ठेवणे हे त्या काळी विरळा होते. संग्रहाचा दुसरा भाग कुमारांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

निर्गुणी भजने

देवासला शीलनाथ महाराज या नाथपंथी योग्याची धुनी आहे. या स्थानाशी संबंधित भजनसंग्रहात कबीर, गोरखनाथ आणि इतर निर्गुणी संतांच्या रचना कुमारांना सापडल्या. माळव्यातले भजनी आणि भटके नाथजोगी अशा रचना एकतारीवर किंवा तंबोऱ्यावर, रात्री उशिरापर्यंत गात. त्यांचा आवाज उघडा, दूर फेकलेला असे आणि त्यात आर्जव नसे.

शास्त्रीय गवयांच्या मैफलीत भजनाचे स्थान तेव्हा शेवटचे आणि दुय्यम होते. भैरवीतले एखादे भजन म्हणून मैफल संपवायची प्रथा होती, आणि त्यात सगुण भक्तीचा गोडवा अपेक्षित असे. कुमारांनी निर्गुणी भजनाचा मूळ पिंड ओळखला. एकटेपण, निर्भयता आणि शरीराच्या क्षणभंगुरतेची स्वच्छ जाणीव या त्याच्या खुणा. त्या दाखवण्यासाठी त्यांनी अलंकरण कमी केले, साथ अगदी मोजकी ठेवली, आणि एखादा स्वर जोराने फेकून लगेच शांतता राखली. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या गायकाच्या गळ्यातून ही भजने ऐकताना श्रोत्यांवर खोल परिणाम होई. हिंदी प्रदेशात आणि महाराष्ट्रात असंख्य लोक कबीराकडे वळले ते कुमारांच्या गाण्यामुळे. आज शास्त्रीय मैफलीत कबीर सर्रास गायला जातो. त्यामागे कुमारांच्या भजनांनी घडवलेली आवड आहे.

त्यांची गायकी

कुमारांच्या मैफलीची सुरुवात तंबोऱ्यांपासून होई. जोडी स्वतःच्या मनासारखी लागेपर्यंत ते गाणे सुरू करत नसत. जव्हारीवरचा धागा सरकवून, खुंटी किंचित फिरवून, मणी हलवून प्रत्येक तार ते इतकी सूक्ष्म लावत की षड्ज-पंचमाबरोबर त्यांतून उठणारे इतर स्वरही स्पष्ट ऐकू येत. त्या नादाने भरलेल्या अवकाशात गायकाने सतत गात राहण्याची गरज उरत नाही. कुमार एखादा स्वरसमूह मांडून थांबत, तंबोरे बोलत राहत, आणि मग पुढचा समूह येई. त्यांच्या गाण्यातले हे विराम पोकळ वाटत नाहीत, याचे कारण या सुरेल पार्श्वभूमीत आहे.

आवाजाचा वापर हेही त्यांचे वैशिष्ट्य. एकाच वाक्यात ते कुजबुजीइतक्या बारीक आवाजावरून एकदम खुल्या आवाजावर जात. ताना आखूड, विजेसारख्या चमकून जाणाऱ्या असत. अतिविलंबित लय त्यांना फारशी मानवत नसे. त्यांचा ओढा मध्यलयीकडे होता. त्याच काळात जवळच्याच इंदूरचे अमीर खाँ (१९१२–१९७४) अतिविलंबित लयीत रागाचा संथ, स्वरागणिक विस्तार करीत होते. त्या पद्धतीचा प्रभाव देशभर पसरत असताना कुमार बंदिशीलाच केंद्र मानत राहिले. प्रत्येक बंदिश रागाचा एक विशिष्ट चेहरा दाखवते, आणि तो चेहरा स्पष्ट होईल तेवढाच विस्तार करावा, अशी त्यांची धारणा होती. म्हणून एकाच रागात चार-पाच बंदिशी गाऊन ते रागाची वेगवेगळी रूपे समोर ठेवत. तबलासाथ त्यांना भरगच्च नको असे. लयीचा स्वच्छ, सुबक ठेका त्यांना हवा असे. अनेक वर्षे त्यांचे साथीदार असलेले वसंतराव आचरेकर नेमकी तशी साथ करीत.

तीन मिनिटांच्या तबकडीतून ज्याच्या कानावर गाणे पडले, त्याला रागाची छोटी पण पूर्ण आकृती लहानपणापासून जवळची होती. मोठेपणी त्याने पसरट विस्तार नाकारून आटोपशीर मांडणी पत्करली, यात त्या जुन्या संस्काराचाही वाटा असावा.

विषयसूत्री मैफली

१९६० आणि १९७०च्या दशकांत कुमारांनी मैफलीची रचनाच बदलली. ‘गीतवर्षा’ या कार्यक्रमात उन्हाळ्याच्या काहिलीपासून पाऊस परतेपर्यंतचा सगळा वर्षाकाळ ख्याल, लोकगीते आणि भजने यांतून उभा राहतो. ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ हे त्याच मालेतले. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र आले. तुलसीदास आणि तुकाराम यांच्यावर स्वतंत्र कार्यक्रम झाले. ‘मालवा की लोकधुनें’ या कार्यक्रमात लोकगीते मूळ रूपात शहरी श्रोत्यांपुढे आली. ‘गौडमल्हार दर्शन’ मध्ये एकाच रागाचे अनेक पैलू दाखवले गेले. ‘ठुमरी-टप्पा-तराना’ या कार्यक्रमाने या तीन प्रकारांचा स्वतंत्र विचार मांडला. कार्यक्रमाची आखणी, पदांची निवड, क्रम आणि निवेदन यांवर महिनोन्‌महिने काम होई.

मराठी श्रोत्यांशी त्यांचे नाते विशेष जवळचे होते. भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) हे कवी मध्य भारतात वाढले आणि राहिले. त्यांच्या कवितेतली गेयता कुमारांना आपली वाटली. ‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम त्यातून तयार झाला. कवी अनिलांच्या कविता त्यांनी गायल्या. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वसंत देसाई यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी पदे गायली, आणि त्यांतले वाणी जयराम यांच्याबरोबरचे द्वंद्वगीत घरोघर पोचले. रामूभैया दात्यांचे चिरंजीव, भावगीतगायक अरुण दाते, यांनीही काही काळ देवासला कुमारांकडे धडे घेतले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे मित्र आणि भाष्यकार लाभल्यामुळे कुमारांच्या गाण्यावर मराठीत जेवढे विवेचन झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या गायकावर झाले असेल.

‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाचे महत्त्व त्यांच्या कारकिर्दीत वेगळे आहे. बालगंधर्वांची पदे महाराष्ट्रात अनेकांनी हुबेहूब गाण्याचा प्रयत्न केला आहे. लहानपणी कोणाचीही नक्कल सहज करणाऱ्या कुमारांना ते अवघड नव्हते. तरीही त्यांनी बालगंधर्वांच्या आवाजाचे किंवा लकबींचे अनुकरण केले नाही. लय, शब्दोच्चार आणि भाव यांचा जो मेळ बालगंधर्वांनी साधला होता तो स्वतःच्या गळ्यातून, स्वतःच्या पद्धतीने त्यांनी मांडला. दुसऱ्या कलावंताला जवळ करण्याची बालपणीची रीत आणि प्रौढपणीची रीत यांतला फरक या एका कार्यक्रमात स्वच्छ दिसतो.

वाद आणि मान्यता

कुमारांच्या गाण्याला विरोधही खूप झाला. त्यांचा ख्याल तुटक आहे, त्यात रागाची संथ बढत नाही, घराण्याची शिस्त नाही, लोकगीते आणि भजने यांची भेसळ करून ते ख्यालाचे गांभीर्य घालवतात, असे आक्षेप जुन्या जाणकारांनी घेतले. हा वाद महाराष्ट्रात अधिक रंगला, कारण इथे घराण्यांचा विचार तपशिलाने झाला होता. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ १९६१ साली आला. स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची लक्षणे त्यात मांडली होती. कुमारांचे गाणे त्या कोणत्याच चौकटीत बसणारे नव्हते. वामनरावांनी पुढे कुमारांच्या गाण्यावरही साक्षेपाने लिहिले आणि त्यांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे कुमारांचे शिष्य झाले.

कुमारांचा विरोध परंपरेला नव्हता. ग्वाल्हेरच्या कितीतरी जुन्या बंदिशी त्यांनी पुन्हा प्रचारात आणल्या आणि टप्प्यासारखा अवघड, मागे पडलेला प्रकार ते आवडीने गात. गुरूची प्रत म्हणून गाणे त्यांना मान्य नव्हते. आपल्या आधी होऊन गेलेल्या गवयांनीही कधीतरी स्वतः शोधूनच घराणी घडवली, असे त्यांचे म्हणणे होते.

याच काळात, १९६१ साली, दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतींचे निधन झाले. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. वसुंधराताई स्वतः देवधरांच्या शिष्या आणि उत्तम गायिका होत्या. त्यानंतरच्या जवळजवळ सर्व मोठ्या कार्यक्रमांत त्यांची साथ होती. भारत सरकारने कुमारांना १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण दिले. संगीत नाटक अकादमीची फेलोशिपही त्यांना मिळाली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला त्यांचे निधन झाले.

वारसा

कुमारांनी स्वतःचे घराणे स्थापन केले नाही, पण शिष्य अनेक घडवले. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी कोमकली, तसेच सत्यशील देशपांडे, विजय सरदेशमुख आणि मधुप मुद्गल हे त्यांपैकी प्रमुख. यांतल्या प्रत्येकाचे गाणे वेगळे आहे. मुकुल शिवपुत्रांची संथ, अंतर्मुख आलापी वडिलांच्या गाण्याहून बरीच दूर जाते, आणि सरदेशमुखांच्या गाण्यातला ठहरावही त्यांचा स्वतःचा. नकलेपासून सुरुवात केलेल्या गुरूच्या शिष्यांत नकलेचे प्रमाण इतके कमी असावे, हे त्याच्या शिकवण्याचे मोठे यश आहे.

मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावाने तरुण कलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला. जब्बार पटेल यांनी त्यांच्या जीवनावर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला. २०२३-२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली. मैफलींची आणि घरगुती बैठकींची शेकडो तासांची ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध आहेत, आणि धुनउगम रागांपैकी काही राग त्यांच्या शिष्यपरिवाराबाहेरचे गवईही गातात. विषयसूत्र धरून मैफल बांधण्याची पद्धत सर्वत्र रुळली आहे. एखाद्या गवयाला आज अनेक घराण्यांचे संस्कार घेऊन, लोकसंगीताकडे आदराने पाहत, स्वतःच्या बंदिशी घेऊन श्रोत्यांसमोर बसता येते आणि त्याबद्दल त्याला खुलासा द्यावा लागत नाही. ही मोकळीक हिंदुस्थानी संगीताला मिळवून देणाऱ्यांत कुमार गंधर्वांचा वाटा सर्वांत मोठा आहे.